एसीतील वायूचा गळका हिशेब

उन्हाळ्याची चाहूल लागली की विद्युत उपकरणांच्या दुकानांत गर्दी होते आणि ग्राहकांचे प्रश्न ठरलेले असतात. किती टनांचा, किती ‘स्टार’चा आणि मासिक हप्ता किती? यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांतून कोणता वायू फिरणार, हे क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः त्याचे उत्तर यंत्राच्या बाहेरील भागावरच्या पट्टीवर छापलेले असते. नव्या यंत्रावर आर-३२ किंवा क्वचित आर-२९०, काही वर्षांपूर्वीच्या यंत्रावर आर-४१०ए आणि त्याहून जुन्यावर आर-२२.

या आकड्यांमागचा इतिहास उद्‌बोधक आहे. प्रारंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया व सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरले जात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस मिजली व सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन हा पर्याय पुढे आणला. तो जळत नव्हता, विषारी नव्हता आणि सुरक्षित म्हणूनच त्याचे स्वागत झाले. त्यातील क्लोरीन ओझोनच्या थराचा नाश करू शकतो, हे मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ‘छिद्रा’चा पुरावा प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला.

त्यानंतर घरगुती एसीत दीर्घकाळ आर-२२ चे राज्य राहिले. त्याची ओझोननाशक क्षमता क्लोरोफ्लुरोकार्बनच्या सुमारे पाच टक्के. पण एक किलो आर-२२ हवेत गेल्यास शंभर वर्षांच्या हिशेबाने ते १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. त्याची जागा घेणाऱ्या आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. मात्र त्याची तापमानवाढ क्षमता २,०८८, म्हणजे आर-२२ पेक्षाही अधिक. ‘ओझोनस्नेही’ असे हिरव्या पानाचे चित्र लावून विकल्या गेलेल्या यंत्रांची ही दुसरी बाजू जाहिरातींत कधी आली नाही.

ही विसंगती दूर करण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती करण्यात आली. भारताने तिला सप्टेंबर २०२१ मध्ये अनुमोदन दिले. चीनसह बहुतेक विकसनशील देशांना हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०२४ पासून गोठवणे बंधनकारक झाले. भारताने, आखाती देश, इराण व पाकिस्तान यांच्यासह, ही मर्यादा २०२८ पर्यंत पुढे नेली. २०३२ मध्ये दहा टक्के कपात, २०३७ मध्ये वीस, २०४२ मध्ये तीस आणि २०४७ मध्ये एकदम ८५ टक्के, असे भारताचे वेळापत्रक आहे. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार देशातील जेमतेम आठ टक्के कुटुंबांकडे एसी होता. तेव्हा सवलत मागण्यात गैर काही नव्हते. पण सवलतीच्या काळात विकले गेलेले यंत्र दहा-बारा वर्षे भिंतीवर राहते आणि त्यातील वायूही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत भारतात एसींची संख्या शंभर कोटींच्या पुढे जाऊ शकते.

एका घरापुरता हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. दीड टनाच्या आर-४१०ए यंत्रात ढोबळमानाने एक किलो वायू असतो. तो पूर्ण गळाला तर सुमारे २,१०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, म्हणजे हा परिणाम नऊशे लिटर पेट्रोल जाळण्याइतका झाला. दुसरीकडे वर्षाला ७५० युनिट वीज घेणारा चांगला एसी दहा वर्षांत ७,५०० युनिट वापरतो; कोळशावर अवलंबून असलेल्या आपल्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो धरले तर हे सव्वापाच टन होतात. सामान्यतः विजेचाच वाटा मोठा मानला जातो व ते योग्यही आहे. परंतु याच यंत्रातील वायू दहा वर्षांत तीनदा संपून पुन्हा भरला गेला, तर वायूचा परिणाम सव्वासहा टनांवर जातो. ‘फाइव्ह स्टार’ने विजेत वाचवलेले गळतीत वाहून जाते.

आणि येथेच शहरी ग्राहकाची मोठी गैरसमजूत आहे. ‘दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे, की वायू म्हणजे पेट्रोलसारखे इंधन आहे असेच वाटावे. शीतक वायू बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. तो खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. ढिला बसवलेला जोड, कंपनाने घासलेली नळी किंवा खाडी-गटारांच्या दमट, गंधकयुक्त हवेने खाल्लेले तांबे, ही नेहमीची कारणे. गळती शोधून डाग देणे, नायट्रोजनने दाब तपासणे, नळ्या निर्वात करणे आणि मगच वजन करून वायू भरणे, ही योग्य पद्धत. तिला दोन-तीन तास लागतात. ऐन मे महिन्यात दिवसाला आठ घरे गाठणारा कारागीर वीस मिनिटांत ‘टॉपअप’ करून जातो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. ग्राहकालाही तेच हवे असते. शीतकरण आराखड्यात एक लाख कारागिरांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, त्याचे कारण हेच.

पर्यायांपैकी आर-३२ ने भारतीय बाजारपेठेत आघाडी घेतली आहे. त्याची क्षमता ६७५, म्हणजे आर-४१०ए च्या एक तृतीयांश. शिवाय वायू कमी लागतो. तथापि हा वायू वातावरणात जेमतेम पाच वर्षे टिकत असल्याने वीस वर्षांच्या मोजपट्टीवर हाच आकडा दोन हजारांवर जातो. तापमानवाढ रोखण्यासाठी येती वीस वर्षेच निर्णायक मानली जात असताना ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. आर-३२ हा पुढचा थांबा आहे, मुक्काम नव्हे.

आर-२९० म्हणजे शुद्ध केलेले प्रोपेन. तापमानवाढ क्षमता तीनहून अधिक नाही. गोदरेजने जर्मन सरकारच्या साह्याने सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे या वायूवर चालणाऱ्या एसींचे उत्पादन उभारले आणि २०१२ मध्ये ते बाजारात आणले. जगातील अशा आरंभीच्या प्रयोगांपैकी एक महाराष्ट्रात झाला, याची आठवण फारशी कोणाला नाही. त्याचा प्रसार मर्यादित राहिला, कारण प्रोपेन ज्वलनशील आहे. दीड टनाच्या यंत्रात ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते, तर प्रत्येक स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये त्याच जातीचा १४.२ किलो वायू असतो, हे खरे. पण सिलिंडरच्या वायूला मुद्दाम वास दिलेला असतो, एसीतील प्रोपेनला तो नसतो. त्यामुळे बंद खोलीत अप्रशिक्षित हातांनी ज्योत पेटवून डाग देणे जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने २०२२ मध्ये योग्य सुरक्षा-योजनेसह अधिक प्रोपेन वापरण्यास मुभा दिली. प्रश्न उरतो तो प्रशिक्षित मनुष्यबळाचा.

जुन्या आर-२२ यंत्रात स्वस्त म्हणून प्रोपेन भरण्याचा सल्ला मात्र कटाक्षाने टाळावा. ते यंत्र ज्वलनशील वायूसाठी बनवलेलेच नसते. आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ भरणेही तितकेच अयोग्य. भाड्याचे घर बदलताना एसी काढायचा असेल, तर नळ्या सोडण्याआधी यंत्र चालवून सर्व वायू बाहेरील भागात ओढून घेता येतो. या कामाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. घाईत ते टाळले की वायू हवेत सुटतो आणि नव्या घरात पुन्हा वायू भरण्याचे बिल येते. भंगारात निघालेल्या यंत्राबाबत तर ही तसदीही घेतली जात नाही. तांब्यासाठी नळी कापली जाते आणि उरलेला वायू काही क्षणांत निघून जातो. तो परत मिळवणारी यंत्रे उपलब्ध आहेत. यंत्र उचलण्यापूर्वी वायू काढून घेणार का, एवढे भंगारवाल्याला किंवा ‘एक्स्चेंज’ देणाऱ्या दुकानदाराला ग्राहक विचारू शकतो.