केसपेपरवर न विचारलेला प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्याचे आसगाव हे वैनगंगेच्या चौरास पट्ट्यातले धानाचे गाव. रोवणी आटोपून धान पोटरीवर आले की तुडतुडे आणि खोडकिडा येतात, आणि त्यांच्यामागोमाग पाठीवर पंप घेतलेला मजूर बांधीत उतरतो. चिखलात बूट चालत नाहीत म्हणून पाय अनवाणी. भाद्रपदाच्या उकाड्यात जीव घुसमटतो म्हणून तोंडावर फार तर दुपट्टा. औषध कालवायला काठी, ती नसली तर हात. या विषाला आपण सारे ‘औषध’ म्हणतो, हेही नोंदवण्याजोगे आहे.

या मजुराच्या रक्ताविषयी आम्हांला बोलायचे आहे.

कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे जगभरचे आकडे अधूनमधून प्रसिद्ध होतात. ते वाचून मोजदाद पुरी झाली असे वाटते. परंतु जागतिक रोगभाराच्या ज्या गणनेचा नेहमी आधार घेतला जातो, तिच्यात व्यवसायजन्य ल्युकेमियासाठी दोनच पदार्थ धरले आहेत : बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड. बेंझिनचा गुन्हा जुना. इस्तंबूलच्या पादत्राणे बनवणाऱ्या कारागिरांना चिकटद्रव्यातील बेंझिनमुळे ल्युकेमिया होतो, हे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 मध्ये मांडले. ती गणना आवश्यकच आहे. मात्र धानाच्या बांधीतला फवारणी करणारा तिच्यात कोठेच नाही.

मग त्याला धोका नाही काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लिंडेनला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. त्याचा संबंध नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाशी. मॅलाथिऑन आणि ग्लायफोसेट त्याच वर्षी ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरली. त्यांच्याबाबत माणसांतला पुरावा मर्यादित आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण लिंडेन ज्या बीएचसी भुकटीत असे, ती 1997 साली बंदी येईपर्यंत आपल्याकडे शेतोशेती धुरळली गेली. लिंडेनच्या वापरावर बंदी यायला 2013 उजाडले. त्या काळचे तरुण मजूर आज साठीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या रक्तात बिघाड निघाला, तर तो कोणाच्या खात्यावर मांडायचा?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसे दगावली. तेव्हा सरकार हलले, चौकशी झाली. ते मरण काही दिवसांत आले म्हणून दिसले. कर्करोग वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. तोवर पंप, बाटली आणि मालक, सारेच बदललेले असते.

यावर ठरलेले उत्तर असे की, मजूर हातमोजे घालीत नाही. आम्हांला ते साफ अमान्य आहे. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक कपडे लिहून ठेवलेले आहेत. रोजंदारीवरच्या मजुराचे रक्त तपासायला बांधावर कोण आले? 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला. खेड्यातला हा व्यावसायिक कोण, ते अधिसूचना काढणाऱ्यांनी एकदा दाखवावे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने बेंझिनची बाधा कळवणे बंधनकारक केले, पण तो कायदा कारखान्याच्या कुंपणाआतला होता.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला एक प्रश्न अधिक विचारावा असे सुचवले : तू काम काय करतोस? आपल्याकडे केसपेपरवर तंबाखू आणि दारू यांची विचारपूस होते. धंद्यापुढे ‘मजुरी’ एवढा एकच शब्द पडतो. कशाची फवारणी, किती वर्षे, याला तेथे जागा नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत परिचारिका आहेत. त्यांनी ही जागा समासात करावी. आणि ज्यांच्या शेतावाडीत फवारणीला मजूर येतो, त्यांनी बाटलीवरचे नाव, तारीख आणि मजुराचे नाव वहीत लिहून त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. आसगावचा मजूर उद्या नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाच्या पायरीवर उभा राहिला, तर त्याच्या खिशात निदान तेवढा कागद असला पाहिजे.