रेस दिली म्हणून इंजिन बसते काय?

शिर्डीला जाताना आमची जुनी डिझेल मोटार कोल्हारला भगवतीच्या दर्शनासाठी थांबली. निघताना मेहुण्यांनी जोरात रेस दिली, तोच शेजारी बसलेले काका ओरडले, "अहो पाहुणे, डिझेल आहे ते! इंजिन बसेल!"

काकांची ही भीती मळ्यातली. विहिरीवर टुकटुकणारी जुनी ऑईल इंजिने मिनिटाला 650 फेऱ्यांची असत. मोटारीचे इंजिन त्याच कुळातले, पण चाल निराळी. ते 4000 फेऱ्यांपर्यंतही जाते. शिवाय जुन्या डिझेलच्या पंपात गव्हर्नर असतो. फेऱ्या ठरल्या मर्यादेपुढे गेल्या की तो डिझेलच तोडतो. तेव्हा तापलेल्या, ऑईल-पाणी नीट असलेल्या इंजिनाला रेसची धास्ती नको. गार इंजिनाला मात्र लगेच रेस देऊ नये. दाट ऑईल सगळीकडे पोचण्याआधीच भाग घासतात. वरच्या गिअरमध्ये कुंथत चढ चढवणे, हेही वाईटच. (हे काका नेहमी करतात.)

खरा घात उतारावर. कोल्हारहून एक रस्ता संगमनेर, अकोल्यावरून घोटीला जातो. त्यावरच्या घाटात भरवेगात चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला पळवतात. गव्हर्नर डिझेल तोडील; चाकांना कसा अडवील? व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला, तर खर्चाचे विचारूच नका.

काका मात्र शिर्डी येईपर्यंत मेहुण्यांच्या उजव्या पायावर नजर ठेवून होते.