पाणी आणतो म्हणणाऱ्याला विचारा, किती मीटर?

सांगोला हे नाव काढलं की आमच्या होस्टेलमध्ये कोणीतरी हमखास "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" म्हणतं आणि सगळ्या खो खो हसतात. आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून फोनवर केलेलं ते बोलणं जून 2022 मध्ये महाराष्ट्रभर गाजलं. गाणी झाली, टी-शर्ट निघाले. मीही हसले. पण मित्रांनो, ज्या सांगोल्याचे ते आमदार होते तिथे झाडी तुरळक आणि डोंगर बोडके, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याचा मूड असेल तर. माण नदी नकाशावर निळी दिसते, पण वर्षातला बराच काळ ती वाळूचीच असते.

हे सगळं मला रूममेटने सांगितलं. ती तिकडचीच, घरी डाळिंबाची बाग. मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्या सिव्हिक्सच्या पुस्तकात 'एमएलए मेक्स लॉज' एवढंच होतं, आणि पेपरात तेवढं लिहिलं की दोन मार्क मिळायचे. (माझं मराठीही कॉन्व्हेंटचंच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं!) पण गावाकडे आमदार म्हणजे रस्ता, डीपी, टँकर आणि लग्नाला हजेरी. या दोन्हींच्या मध्ये उमेदवाराची स्थानिक प्रश्नांवरची भूमिका नावाची एक चीज असते. तिच्याकडे ना आमचं लक्ष असतं, ना गावाचं.

सांगोल्यापुरती ही भूमिका बघायची तर गणपतराव देशमुखांचं नाव घ्यावंच लागतं. शेतकरी कामगार पक्षाचे हे वकील 1962 साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 साली अकराव्यांदा. मतदारसंघ तोच, पक्षही तोच. मधे 1972 आणि 1995 ला हरले. 30 जुलै 2021 रोजी ते गेले तेव्हा बहुतेक बातम्यांत एसटीने प्रवास करणारा साधा माणूस हेच होतं. साधेपणाचं कौतुक मलाही आहे. पण साधा तर आमचा मेसचा मामाही आहे, म्हणून त्याला कोणी अकरा वेळा आमदार केलं नसतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की या माणसाची पाण्याबद्दलची मागणी तपासता येण्यासारखी होती. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राला कृष्णेचं 560 टीएमसी पाणी दिलं आणि 31 मे 2000 नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असं ठरवलं. तोपर्यंत आपला वाटा अडवला नाही तर हातचा जाईल, या भीतीने 1996 साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कर्जरोखे काढून पैसा उभा केला आणि एकाच वेळी भरमसाट कामं सुरू केली. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात आपण सगळ्या विषयांच्या फाइली एकदम उघडतो ना, तसंच. अर्ध्याहून जास्त फाइली अपुऱ्या राहतात!

त्यातलीच टेंभू योजना. कराडजवळ कृष्णेतून 22 टीएमसी पाणी उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या 80 हजार हेक्टरला द्यायचं. सांगोला या योजनेच्या शेपटाला. नीरा उजव्या कालव्याच्याही शेपटालाच. म्हणजे दोन्ही ताटं समोर, पण वाढपी येईपर्यंत भात संपलेला.

आता जरा आपल्या भाषेत बोलू. 1 टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2.83 कोटी घनमीटर. एवढं पाणी फक्त 100 मीटर वर चढवायचं म्हटलं तर एमजीएचच्या हिशेबाने 77 लाख युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता 75 टक्के धरा, आकडा एक कोटीच्या पुढे जातो. पाईपमधलं घर्षण अजून धरलेलंच नाही. टेंभूचं पाणी तर पाच टप्प्यांत वर जातं. मग सभेत "मी पाणी आणणार" असं कोणी म्हणालं की टाळ्या कसल्या वाजवायच्या? वीजबिल कोण भरणार, हा पहिला प्रश्न! दुष्काळ पडला तरी बिल थकल्यामुळे उपसा योजनांचे पंप बंद, असं सांगली-सोलापूरने अनेकदा पाहिलंय. पुढे सरकारने 81 टक्के बिल शासनाचं आणि 19 टक्के शेतकऱ्यांचं असं ठरवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माझ्या मते हा निर्णय कुठल्याही भूमिपूजनापेक्षा मोठा आहे. पण त्याचा नारळ फुटत नाही, फोटो निघत नाही.

आणि दुसरा प्रश्न, आलेलं पाणी कोणाला? आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषद भरायची. तिथे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी असायचे, डॉ. भारत पाटणकर असायचे, गणपतराव असायचे. नागनाथअण्णा स्वतः वाळव्याचे, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातले. पाण्याची ददात नसलेला माणूस तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी भांडत होता, हे मला विशेष वाटतं. त्यांची मागणी समन्यायी वाटपाची होती. पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर कुटुंबावर मोजा, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा द्या. पुढे आटपाडी भागात उघड्या पाटाऐवजी बंदिस्त पाईपने पाणी देण्याचं काम झालं ते याच विचारातून. पाट असेल तर वरचा शेतकरी रात्री दार उचलतो आणि खालचा सकाळी कोरडा चर बघत बसतो. पाईप असेल तर निदान मोजता येतं. वितरण हा तांत्रिक विषय आहे असं आपले सर म्हणतात. आहेच, पण वरच्या गावाला किती आणि खालच्याला किती हे कोणाच्या तरी बाजूने ठरतं, आणि ती बाजू पाईप पुरायच्या आधी घ्यावी लागते.

गणपतरावांवर एक आक्षेप कायम घेतला गेला. पन्नास वर्षं आमदार होता तरी तालुका दुष्काळीच राहिला, मग उपयोग काय? हा प्रश्न मला रास्त वाटतो. 1978 आणि 1999 मध्ये ते मंत्रीही होते. शेकाप हा छोटा पक्ष, बहुतेक काळ विरोधी बाकांवर, तिजोरीची किल्ली दुसऱ्यांकडे, हे खरं. तरी पाण्याची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या हेही खरं. ज्या डाळिंबाने सांगोला उभा राहिला ते डाळिंब कालव्यावर नाही, ठिबकवर आणि टँकरवर जगलं. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना 1990 साली आली, तिचा हातभार मोठा. शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सुटली ती सांगोल्याहून बंगालच्या शालिमारला. मग तेल्या आणि खोडकिड्याने बागाच्या बागा काढाव्या लागल्या. रूममेटच्या वडिलांनीही अर्धी बाग काढली. त्या वर्षी तिची फी दोन हप्त्यांत भरली गेली. असो.

सध्या आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी मिळतो. त्यात सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, हायमास्ट लागतात. वाईट काही नाही. पण रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतही लावू शकते. वीजबिलाचा वाटा, पाण्याचं फेरवाटप, टेलच्या गावाचं आवर्तन हे ठरतं मुंबईत, आणि तिथे आपल्या तालुक्याच्या वतीने बोलायला एकच माणूस असतो. म्हणून उमेदवार गावात आला की हायमास्टचं नंतर विचारा. पाणी किती मीटर उचलणार, 19 टक्क्यांची वसुली कशी करणार, शेवटच्या गावाला आधी देणार की उरलं तर देणार, हे विचारा. उत्तर येत नसेल तर तेही एक उत्तरच. आपल्यातले निम्मे सिव्हिलचे उद्या याच योजनांच्या टेंडरवर साइट इंजिनिअर असतील, आपणच नाही विचारलं तर कोण विचारणार?

आणि आपल्या मताला किंमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी सांगोल्याचेच दोन आकडे. 1995 साली शहाजीबापूंनी गणपतरावांना हरवलं ते 192 मतांनी. 2019 साली त्याच शहाजीबापूंनी गणपतरावांच्या नातवाला, अनिकेत देशमुखांना, हरवलं ते 768 मतांनी. (2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले.) 192 म्हणजे आमच्या होस्टेलचे दोन मजलेसुद्धा भरत नाहीत.

20 नोव्हेंबर 2024, बुधवार. सुट्टी होती, पण 21 तारखेला सबमिशन होतं. रात्रभर एसटीने जाऊन मत टाकून परत रात्रभर येणं आमच्या विंगमधल्या एकीलाही जमलं नाही, रूममेटलाही नाही. तेव्हा अॅकॅडमिक कॅलेंडर बनवणाऱ्या सर आणि मॅडमना एक विनंती. पुढच्या वेळी मतदानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी ना सबमिशन ठेवा, ना ओरल. दोन दिवस पुरेत, तेवढ्यात सांगोलाही होतं आणि गडचिरोलीही.