पुसलेली फीत
(मुख्याध्यापकांचे मनोगत)



उन्हाळ्याच्या सुटीत भाच्याच्या घरी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतील एक जुनी कथा डीव्हीडीवर पाहिली. 'द टूम ऑफ द सायबरमेन' हे तिचे नाव. सप्टेंबर १९६७ मध्ये बीबीसीने ती चार भागांत दाखवली होती. टेलॉस नावाच्या ग्रहावर पुरातत्त्व संशोधकांची एक तुकडी जाते आणि बर्फात निजलेल्या सायबरमेनना जागे करून बसते. हे सायबरमेन मूळचे आपल्यासारखेच सजीव. एकेक अवयव बदलून त्या जागी यंत्र बसवीत गेले आणि शेवटी भावनाही काढून टाकल्या. ही कल्पना किट पेडलर आणि जेरी डेव्हिस या दोघांची. पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

परंतु आज मला त्या कथेपेक्षा तिच्या डबीविषयी बोलायचे आहे.

ही कथा अनेक वर्षे अस्तित्वातच नव्हती. त्या काळी व्हिडिओ फीत महाग होती, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेत. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा कृष्णधवल कार्यक्रम कोण मागणार, असे वाटले. घरी बसून हवे ते पाहण्याची सोय तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. परदेशांत विकण्यासाठी १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात, पण पुढे त्यांतल्याही पुष्कळ नष्ट केल्या गेल्या. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक भाग असे गेले.

मग १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडे या कथेचे चारही भाग फिल्मवर सापडले. मे १९९२ मध्ये त्यांची व्हिडिओ कॅसेट दुकानात विकायला आली, २००२ मध्ये डीव्हीडी निघाली. पुढे २०१३ मध्ये नायजेरियात आणखी नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले. तेव्हाही ९७ भाग बाकीच होते.

या हकिकतीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. तो कोणत्या कचेरीने जपला नाही. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरोघरच्या प्रेक्षकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, तो हौसेने टिपून ठेवला.

बीबीसीला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते जमत नाही, कारण मीही तेच केले आहे. १९९८ साली मी नवा शिक्षक होतो. स्नेहसंमेलनाच्या एका कॅसेटवर आमच्या एका ज्येष्ठ गुरुजींचे भाषण होते. वाड्यातल्या एका खोलीत आपली शाळा कशी सुरू झाली, हे त्यांनी त्यात सांगितले होते. क्रीडास्पर्धेच्या दिवशी कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा मीच म्हटले, "हीच वापरा, भाषण काय, पुढच्या वर्षी पुन्हा होईल." ते पुन्हा झाले नाही. गुरुजी गेले. माझ्यापाशी आज धावण्याच्या शर्यतीचे चित्रण आहे, आणि त्या खोलीत पहिल्या दिवशी किती मुले होती हे विचारायला कोणी नाही.

सध्या शाळेच्या मागच्या खोलीतली अलमारी रिकामी करण्याचा विषय समितीपुढे आहे. तिच्यात जुनी हस्तलिखिते, गटसंमेलनाच्या वह्या, कॅसेटी आहेत. काही सभासदांचे म्हणणे असे की चांगले तेवढे ठेवावे आणि बाकीचे रद्दीत द्यावे. जुन्या नाटुकल्यांतले काही विनोद आज वाचवत नाहीत, ते लोकांसमोर कशाला, असेही एकजण म्हणाले. त्यांचा संकोच मला कळतो. तरीही माझे मत विरुद्ध आहे.

त्या ब्रिटिश कथेतही असे आहेच. टोबरमन नावाचा एक कृष्णवर्णीय नोकर तिच्यात आहे. धिप्पाड, जवळजवळ मुका, नुसता हुकमाचा ताबेदार. आज ते खटकते आणि खटकायलाच हवे. एका झटापटीत नटाला उचलणारी तारही दिसते. लहानपणी पाहिलेल्या काहींना ती कथा आठवणीपेक्षा छोटी वाटली. पण हे सर्व कळले कसे? ती समोर आली म्हणून. ती हरवलेली होती तोवर सगळे तिला निर्दोष समजत होते. जुन्या वस्तूचे दोष दिसायलासुद्धा आधी ती वस्तू हाती असावी लागते. काय जपण्याजोगे आहे, हे आपण आज ठरवायला बसलो तर मी १९९८ साली ठरवले तसेच ठरवू.

दुसरे असे की नुसते जपणेही पुरेसे नाही. एकाच अलमारीत एकच प्रत म्हणजे एक वाळवी किंवा एक पावसाळा. ती कथा वाचली, कारण तिची प्रत दूरच्या एका शहरात पडून होती. आणि आता ती हजारो घरांत आहे, म्हणून पुन्हा हरवणे कठीण. घरोघरी पोचणे हेच खरे जतन.

म्हणून समितीपुढे माझा प्रस्ताव आहे की अलमारीतले एकही पान निवडून न फेकता सर्व स्कॅन करावे, कॅसेटींच्या नव्या प्रती काढाव्यात आणि मागेल त्या कुटुंबाला त्या द्याव्यात. आपल्या घरीही माळ्यावर काही असेल. शाळेचे जुने अंक, फोटो, आजोबांनी टेप केलेले एखादे गाणे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते कार्यालयात आणावे. प्रत काढून मूळ वस्तू तुम्हाला परत देऊ.

आणि कोणाच्या घरी त्या गुरुजींचा आवाज निघालाच, तर शनिवारची वाट पाहू नका.