इको चांगला आला, म्हणून सुई बंद?

मुलीच्या हृदयाची सूज उतरली, इको चांगला आला, की घरात शुक्र अदा होतो आणि पुढच्या महिन्यात पेनिसिलिनची सुई बंद! "आता कशाला लेकराला टोचायचं?" वेरूळच्या शाळेत शिकवताना अम्मींचा हा प्रश्न आम्ही ऐकत आलो आहोत.

हा आजार संधिवाताच्या तापाचा. आधी घसा दुखतो आणि बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, मग घोटा. सांधे सुधारतात, हृदयाची झडप मात्र कायमची बिघडू शकते. 5 ते 15 वर्षांच्या मुलांत हा जास्त, म्हणजे आमच्याच वर्गातल्या.

दर 21 दिवसांची सुई झडप दुरुस्त करीत नाही. ती घशाची लागण पुन्हा होऊ देत नाही, कारण प्रत्येक नवी लागण झडपेवर नवा घाव घालू शकते. युगांडात इकोवर सुरुवातीची खूण दिसलेल्या 818 मुलांवर अभ्यास झाला. दोन वर्षांत सुई न घेणाऱ्यांपैकी 33 जणांचा इको बिघडला, घेणाऱ्यांपैकी फक्त 3 जणांचा. हृदयाला सूज येऊन गेली असेल तर ही सुई निदान 10 वर्षे चालते. बंद कधी करायची, ते डॉक्टर ठरवतील.

आणि आहार? मध-कलौंजी खुशाल द्या, पण सुईच्या जागी नव्हे. दम लागत असेल, पायांवर सूज असेल, तर मीठ कमी करा: लोणचे, पापड, आणि हो, आपला नान-खलियासुद्धा जरा बेतानेच. रमजानमध्येही सुई चुकवू नका. तिने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. मनात शंका असेल तर इफ्तारनंतर घ्या.

रिश्ता मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवणारी घरेही आहेत. ते आम्हाला फार खटकते. अरुंद झालेली झडप पुष्कळदा गरोदरपणातच त्रास देऊ लागते. सासरी आणि दवाखान्यात तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसते.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या हृदयविकाराचीही तपासणी आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. जुना इकोचा कागद असेल तर दप्तरात घालून पाठवा.