‘ढ’ कोण ठरवतो?

डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवरील चिखले गावी, किंवा तेथून आत तलासरीपर्यंत पसरलेल्या कोणत्याही पाड्यावर, दुसरी-तिसरीच्या वर्गात अशी एखादी मुलगी असू शकते. ऐकलेली गोष्ट ती जशीच्या तशी सांगते, बाजाराचा हिशेब तोंडी करते. पण पुस्तक उघडले की तिची जीभ अडते. ‘घर’ आणि ‘धर’ यांत तिची गफलत होते. काल वाचलेला शब्द आज परका होतो. गुरुजी म्हणतात, हिचे लक्ष नाही. आई म्हणते, नशीब. दोन वर्षांत मुलीलाही ते पटते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी ती घरी राहू लागते. पटावरचे तिचे नाव कसे गळाले, याची चौकशी कोणी करीत नाही.

अशा अडखळण्यामागे पुष्कळदा डिस्लेक्सिया असतो. १८८७ साली जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी हा शब्द रूढ केला. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या संशोधनाने एवढे निश्चित केले आहे की, याचा संबंध बुद्धीशी वा आळसाशी नाही. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करून ते चिन्हांशी जोडण्याचे काम अशा मुलांना जड जाते. देवनागरी उच्चारानुसारी असल्याने मराठी मुलांना ही अडचण येत नाही, ही समजूत भाबडी आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मागून होतो; ‘सूर्य’मधला र आधी उच्चारला जातो, पण बसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांचा चक्रव्यूह याखेरीज आहेच.

आदिवासी मुलीच्या बाबतीत गुंता अधिक आहे. घरात वारली बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. तिचे अडखळणे परक्या भाषेमुळे आहे की डिस्लेक्सियामुळे, हे एका नजरेत कळत नाही. तिच्याच पाड्यावरच्या, तीच बोली बोलणाऱ्या, तितकेच शिकवलेल्या इतर मुली पुढे गेल्या आणि ही एकटी मागे राहिली, तर तपासणीची गरज आहे असे समजावे. ‘आदिवासींची मुले अशीच’ म्हणणारा शिक्षक ही तुलना करीतच नाही.

कायदा या मुलीच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ व अन्य सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता २१ प्रकारांत समाविष्ट केली. ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाची व्यवस्था करण्याची जबाबदारी त्या कायद्याच्या १६ व्या कलमाने शाळांवर टाकली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली मराठीसह भारतीय भाषांतील चाचणीसंच सिद्ध केला. साधने आहेत. प्रश्न त्यांच्या वाटपाचा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ज्या सवलतीला पैसे पडत नाहीत, तिचीही किंमत असते. जाणकार तपासनीस व विशेष शिक्षक प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. तपासणी एका खेपेत उरकत नाही आणि प्रत्येक खेपेला आईची किंवा बापाची मजुरी बुडते. म्हणून जी सवलत शहरी मध्यमवर्गीय मुलाला प्रमाणपत्राच्या रूपाने मिळते, ती वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातील मुलीला ‘ढ’ या बिरुदाच्या रूपाने मिळते. व्याधी एकच, वर्गानुसार नाव मात्र बदलते. त्यातच २०२३ साली राज्य शासनाने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुनर्परीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही, तो त्याच वर्गात राहणार. जिची अडचण कोणी तपासलीच नाही, तिला नापास करणे म्हणजे शासनाच्या कसुरीची शिक्षा मुलीने भोगणे होय.

हे टाळणे अशक्य नाही, आणि त्याचा धडा याच भागात घातला गेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात, गुरांमागे कुरणात जावे, ही त्यांची दृष्टी. शिंपले, खडे, पाने, बिया ही त्यांची शैक्षणिक साधने. डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला नेमके असेच शिकवावे लागते : अक्षर वाळूत बोटाने गिरवणे, ते करताना मोठ्याने उच्चारणे, शब्दाचे तुकडे टाळीवर मोजणे. एका वेळी थोडेच, पण रोज, आणि पक्के झाल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. सर्वांसमोर वाचावयास उभे करू नये. तोंडी उत्तर ग्राह्य धरावे. घरी वाचता येणारे कोणी नसले, तरी आजीच्या गोष्टी व गाणी मुलीचा शब्दसाठा वाढवतात. तोही वाचनाचाच पाया आहे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. तिसरीपूर्वी प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत मुलांची प्राथमिक पाहणी व्हावी. तपासणी व प्रमाणपत्राची सोय तालुक्याच्या ठिकाणी, मुलीला समजणाऱ्या भाषेत व्हावी. केंद्रनिहाय प्रशिक्षित विशेष शिक्षक असावा. तपासणीवाचून कोणालाही पाचवीत रोखू नये.

मात्र मागणीपत्रक देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. तिची बैठक खरोखर होते का, गैरहजर मुलींच्या घरी कोणी जाते का, हे आपण पाहावे. याच डहाणू-तलासरीच्या मातीत १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली. त्यांच्या पणत्यांपैकी एखादीला अक्षरांपुढे मान खाली घालावी लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो. त्यासाठी पुढच्या बैठकीला जाताना आपल्या पाड्यावरची कोणती मुलगी शाळेत येईनाशी झाली, तिचे नाव घेऊन जावे.