वामनदादांच्या नावावर वाडा नव्हता

एप्रिल आला की धाराशिवच्या गल्लीगल्लीत वामनदादा कर्डकांची गाणी डीजेवर वाजतात. मिरवणुकीत नाचणाऱ्या किती पोरांना माहीत आहे की ती कोणी लिहिली? 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना लिहा-वाचायला शिकला. 1943 साली त्यांनी पहिलं गीत लिहिलं आणि 2004 साली जाईपर्यंत हजारो गीतं लिहिली.

आज बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावर म्हाडाचं काम चालू आहे. शिवडीचा नंबरही उद्या लागेल. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसांना 500 चौरस फुटांचं घर मिळत असेल, तर त्याला माझा विरोध नाही. तो त्यांचा हक्क आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, चाळ पडल्यावर तिथे कोण राहिलं, कोण शिकलं, कोण गायलं, याची नोंद कुठे राहणार?

या देशात वारसा ठरतो तो मालकीवरून. ज्याच्या नावावर वाडा, त्याचं स्मारक होतं. आपले शाहीर भाड्याच्या खोलीत राहिले, आयुष्यभर गावोगाव फिरले, कार्यकर्त्याच्या ओसरीवर झोपले. म्हणून वारशाच्या यादीत त्यांना जागाच नाही. वामनदादांचं एकच घर शोधायला जाल तर फसाल. देशवंडी जपलीच पाहिजे. पण ज्या वस्तीत रात्रभर गायन पार्टी रंगली, ती प्रत्येक वस्ती त्यांचं घर आहे.

काही मित्र म्हणतात, ही व्यक्तिपूजा झाली. राजकारणातल्या भक्तीचा धोका बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितला होता, तो मलाही मान्य आहे. पण हार घालणं वेगळं आणि पुरावा जपणं वेगळं. पुरावा नसला की उद्या आपलाच इतिहास आपल्याला दुसरा कोणीतरी सांगतो.

अमेरिकेत नीना सिमोन या कृष्णवर्णीय गायिकेचं ट्रायन गावातलं तीन खोल्यांचं घर मोडकळीला आलं होतं. 2017 साली चार कृष्णवर्णीय कलावंतांनी 95 हजार डॉलर घालून ते विकत घेतलं. सरकारी फायलीची वाट पाहत बसले नाहीत.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या तेरचं संग्रहालय उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने जमवलेल्या वस्तूंवर. सरकार नंतर आलं. कसबे तडवळ्यात 1941 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब महार-मांग परिषदेसाठी आले होते. ती जागा आज आपण दाखवू शकतो, कारण आपल्या आज्या-आजोबांनी ती लक्षात ठेवली.

मग शाहिरांच्या जागा आपण का लक्षात ठेवू नयेत? येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करा. कळंबपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक तालुक्यात दोन-दोन पोरं निघू द्या. म्हाताऱ्या माणसांना विचारा, जलसा कुठल्या चौकात व्हायचा, शाहीर कोणाकडे मुक्कामाला असायचे, पेटी-ढोलकी कोण वाजवायचं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. पत्र्याच्या पेटीतल्या गाण्यांच्या वह्यांचे आणि कॅसेटवरच्या नावांचे फोटो काढा. त्या चौकात, त्या विहारात नावाची आणि सालाची एक साधी पाटी लावा. पाटीला मंत्री लागत नाही.

ज्यांनी त्या रात्री डोळ्यांनी पाहिल्या, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. चाळ पडली तर तिचा नकाशा तरी मागे राहतो. ही माणसं गेली तर काहीच राहणार नाही.

जयभीम!